छोटा डेस्कटॉप घ्यायचाय? किंमत आणि अपग्रेडबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

देवळी तालुक्यात माझं छोटं दुकान आहे. ऑनलाइन अर्ज, सातबारा, झेरॉक्स, लग्नपत्रिका, आणि मागच्या खोलीत दुरुस्तीला आलेले संगणक. आधी लोक 'सीपीयू' घ्यायला यायचे, म्हणजे तो गुडघ्याएवढा उभा डबा. आता पेढ्याच्या डब्याएवढं मशीन मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, हे चालते का? प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले. जसे विचारले गेले तसेच ठेवलेत.

"भाऊ, येवढासा डब्बा अन् पैसे येवढे काहून? मोठा सीपीयू तं याच्यात येऊन जाते."

येते. त्याच पैशात असेंबल केलेला मोठा सीपीयू थोडा जोरदारही मिळेल. त्यातला एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जळला तर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात दुसरा मिळतो. छोट्या डब्याच्या आत मात्र सगळा लॅपटॉपचा संसार असतो: लॅपटॉपची रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी), लॅपटॉपसारखा चपटा पंखा, बाहेर लॅपटॉपसारखाच अ‍ॅडॅप्टर. लहान जागेत बसणारा माल महाग पडतो, एवढंच.

बदल्यात मिळते ती जागा, कमी वीज आणि शांतता. माझं काउंटर साडेतीन फुटांचं. त्यावर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, कागदांचा गठ्ठा आणि गिऱ्हाइकाचे दोन कोपर. मोठा सीपीयू खाली ठेवला की त्याला लाथ लागते, झाडताना पाणी जाते. हे ज्याला नडत नाही त्यानं मोठाच घ्यावा, मला काही हरकत नाही.

एक मात्र पाहा. डब्याच्या किमतीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस धरलेला नसतो. पुष्कळदा विंडोजही नसते, आणि काही डबे तर रॅम आणि एसएसडी (फायली साठवायची जागा) यांच्याशिवायच विकतात. स्वस्त दिसलं की आधी तेवढं वाचा.

बाजारात नेमके प्रकार किती?

आपल्या कामाचे तीन. पहिला, नवा पण अनोळखी नावाचा डबा. यात बहुतेक वेळा इंटेलचा एन१०० प्रोसेसर असतो. तो जानेवारी २०२३ मध्ये आला, चार कोअर, आणि अवघ्या ६ वॅटचा. दुसरा, मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला, साफसूफ करून परत विकला जाणारा 'रिफर्बिश्ड' डबा: लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी. याला आम्ही 'एक लिटरवाला' म्हणतो, आकारमान साधारण तेवढंच असते म्हणून. तिसरा मॅक मिनी. लेनोवो-डेल-एचपीचे हेच डबे नवेही मिळतात; माल उत्तम असतो, पण किंमत ऐकून इकडचं गिऱ्हाईक बहुतेक परतच जाते.

अपग्रेड म्हणजे यात काय काय बदलता येते?

रॅम, कधी कधी. एसएसडी, बहुतेक वेळा. वायफायचं कार्ड, मनात आलं तर. प्रोसेसर एन१०० मध्ये बोर्डालाच डाख दिलेला असतो, विषय संपला. एक लिटरवाल्यात तो सॉकेटमध्ये असतो, म्हणजे काढता येतो. पण इतक्या वर्षांत माझ्याकडं प्रोसेसर बदलायला कोणी आलं नाही. ग्राफिक्स कार्ड विसरून जा.

म्हणून लोक 'अपग्रेडेबल आहे का' असं विचारतात तेव्हा मी त्याचे दोनच प्रश्न करतो. रॅमची पट्टी निघते का? आणि एसएसडी निघते का? ही दोन ज्या डब्यात निघतात तो आज थोडा कमी घेतला तरी चालतो. ज्यात निघत नाहीत, तो घ्यायच्या दिवशीच पूर्ण घ्यावा लागतो. किंमत तोलायची ती इथं.

घ्यायच्या आधी कसं ओळखायचं, रॅम पट्टीची आहे की चिकटवलेली?

माहितीच्या तक्त्यात 'एलपीडीडीआर' असं लिहिलं असेल तर बोर्डालाच सोल्डर केलेली. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' आणि सोबत 'सोडिम' असेल तर पट्टी. काहीच लिहिलं नसेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तरही चालते, नंतर दाखवायला कामी येते.

मशीन समोर सुरू असेल तर आणखी सोपं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली 'फॉर्म फॅक्टर' दिसते. तिथं 'सोडिम' दिसलं तर पट्टी, 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर चिकटवलेली. शेजारीच किती स्लॉट आहेत आणि किती वापरलेत तेही कळते. दुकानदार बोलत असतानाच हे पाहून घ्यायला अर्धा मिनिट लागत नाही.

तसंच एसएसडीचं. 'ईएमएमसी' असा शब्द दिसला की हात मागं घ्या. ती मोबाइलच्या मेमरीच्या जातीची असते, हळू चालते, बोर्डालाच जोडलेली, आणि बहुतेकदा ६४ किंवा १२८ जीबी. विंडोज ११ बसवायलाच किमान ६४ जीबी जागा लागते. मग त्या ६४ वाल्यात विंडोज बसवून अपडेट कुठं ठेवायचे, देव जाणे. अतिस्वस्त डब्यांत ही हमखास असते.

"आता ८ जीबी घेतो, सोयाबीनचे पैसे आले का १६ करतो. चालते ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. दोन वर्षांपूर्वी मी डोळे मिटून 'चालते' म्हणायचो. आता जरा थांबून सांगतो.

आधी स्लॉट मोजा. एक लिटरवाल्यात रॅमचे दोन स्लॉट असतात. त्यात ८ ची एक पट्टी असेल तर दुसरी ८ ची घातली की झाले १६, जुनी वाया जात नाही. एन१०० वाल्यात मात्र मेमरीची एकच वाट असते, म्हणून बोर्डावर स्लॉटही एकच. १६ करायचं तर ८ ची पट्टी काढून १६ ची घालावी लागते, आणि जुनी पट्टी ड्रॉवरमध्ये पडून राहते. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा पाच आहेत, कोणाला पाहिजे असतील तर या. इंटेलच्या हिशेबानं एन१०० ला जास्तीत जास्त १६ जीबीच चालते. काही बोर्ड ३२ घेतात, पण त्या भरवशावर पैसे घालू नका.

पट्टी घेतानाही जात जुळली पाहिजे. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही. मागच्या वर्षी एका मास्तरांनी ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून मोठ्या सीपीयूची लांब पट्टी मागवली आणि छोट्या डब्यासोबत माझ्यासमोर ठेवली. जवळपास दुप्पट लांब. दोघंही हसलो, काय करणार.

दुसरी गोष्ट भावाची. मागून रॅम टाकण्याचा सगळा हिशेब एका समजुतीवर उभा होता, की रॅम दर वर्षी स्वस्त होते. २०२५ च्या शेवटी ती समजूत मोडली. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतले, साध्या रॅमचा माल कमी पडला, आणि भाव भडकले. गिऱ्हाइकाला एक भाव सांगावा आणि दहा दिवसांनी माल मागवताना दुसराच निघावा, असं माझ्याच बाबतीत दोनदा झालं. कापसाचा भाव असा चढला असता तर काय पाहिजे होतं!

तेव्हा माझं आजचं उत्तर असं: अर्ज भरणं, टायपिंग, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर दोन स्लॉटवाल्या डब्यात ८ घेऊन बिनधास्त सुरुवात करा. पण ब्राउझरमध्ये वीस टॅब, शेजारी डीटीपी आणि वर स्कॅनर असं काम असेल तर १६ आजच घ्या. रॅम चिकटवलेली असेल तर १६ च्या खाली जाऊच नका.

मॅक मिनी ५९,९०० ला मिळतो म्हणतात. एवढा पैसा घालावा का?

२०२४ च्या ऑक्टोबरात आलेला एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला. १२.७ सेंटिमीटरचा चौकोन, उंची ५ सेंटिमीटर; दोन पोळ्यांच्या डब्याएवढा. त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी. आधीचा एम२ सुद्धा याच किमतीत सुरू झाला होता, पण ८ जीबी रॅमवर. त्या मानानं हा सौदा चांगला, आणि वेगात तर आमच्या सगळ्या डब्यांना तो मागं टाकतो.

गोम पुढच्या पायरीवर आहे. आला तेव्हाच्या किमतीत २५६ ची ५१२ जीबी एसएसडी केली की ७९,९००. त्यावर रॅम १६ ची २४ केली की ९९,९००. म्हणजे प्रत्येक पायरीला वीस हजार, आणि ती पायरी घ्यायच्या दिवशीच चढायची. नंतर रॅम वाढवता येत नाही. ती प्रोसेसरसोबत एकाच पुडीत बसवलेली असते. एसएसडी आत निघणाऱ्या तुकड्यावर आहे खरी, पण तो तुकडा बाजारातला नेहमीचा नव्हे, आणि बदलल्यावर यंत्र परत सुरू करायला दुसरा मॅक जोडावा लागतो. आपल्या तालुक्यात दुसरा मॅक कोणाकडं आहे?

एक खुबी सांगतो. २५६ चाच घ्या आणि यूएसबी-सी वर बाहेरची एसएसडी लावा. फायली तिच्यावर, सिस्टिम आत. वीस हजारांची पायरी वाचते. टेबलावर एक वायर लोंबते, लोंबू द्या.

या यंत्राचा इतिहासही गमतीचा आहे. पहिला मॅक मिनी २००५ चा. त्याला उघडायला लोक रंगारी लांबी भरायला वापरतात तसली पत्री फटीत घालायचे. २०१० च्या मॉडेलचं खालचं गोल झाकण फिरवलं की रॅम हातात येत होती, बरणी उघडल्यासारखी. २०१४ ला रॅम सोल्डर झाली. २०१८ ला परत पट्टी आली, पण तिथवर पोचायला अर्धं मशीन मोकळं करावं लागे. २०२० पासून तो दरवाजा बंद. सांगायचं कारण असं की जुना मॅक मिनी कोणी स्वस्तात देत असेल तर आधी वर्ष विचारा, भाव मागून.

आणि आपल्या कामाचं काय? सरकारी कामाचं अंगठ्याचं मशीन, जुन्या मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर, डोंगल, हे सगळं इकडं विंडोजवर चालते. माझ्यासारखं ऑनलाइन अर्जांचं केंद्र चालवणाऱ्यानं मॅक घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यानं मात्र जरूर पाहावा. आमच्या रस्त्यावरच्या स्टुडिओवाल्या पोरानं घेतला. पूर्वी रात्री रेंडरला लावून झोपायचा, आता चहा होईस्तोवर काम होते म्हणतो.

"जुना रिफर्बिश घेऊ का? कोणाचा वापरलेला, उद्या बिघडला तं?"

बिघडू शकतो. नवाही बिघडतो. मी स्वतः रिफर्बिश्डच्या बाजूचा आहे, पण डोळे उघडे ठेवून.

पहिली नजर प्रोसेसरच्या आकड्यावर. समजा लेबलवर आय५-६५००टी लिहिलं आहे. त्यातला पहिला आकडा ६, म्हणजे सहावी पिढी. आय५-८५००टी असेल तर आठवी. पाच आकडी १०५०० असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचे डबे फार स्वस्तात दिसतील, 'आय७ आहे साहेब' म्हणून गळ्यात मारतील. आय७ च्या नादी लागू नका, पुढचा आकडा पाहा. पळवाट काढून त्यावर विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. आज चालते, उद्याच्या मोठ्या अपडेटला अडलं तर जबाबदारी तुमची.

दुसरं, झाकण उघडायला लावा. या डब्यांची हीच तर गंमत. मागं एकदोन स्क्रू, कित्येकांत तर हातानंच फिरवायचे, आणि झाकण सरकवलं की सगळं समोर. दोन रॅमचे स्लॉट, एम.टू (चपट्या पट्टीसारख्या) एसएसडीची जागा, बऱ्याच मॉडेलमध्ये अडीच इंची ड्राइव्हचीही जागा. नागपूरला सीताबर्डीत मी एक घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार झाकण उघडायला कां-कूं करत होता. उघडलं तर १६ ऐवजी ८ ची पट्टी. 'पोरानं चुकून लावली' म्हणाला. असेल बापा, चुकून लावली असेल.

तिसरं, बायॉसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते पाहा. कंपनीच्या कार्यालयातला माल, कधी कधी पासवर्ड तसाच राहून जातो आणि पुढं विंडोज टाकताना अडते.

वेगाचं म्हणाल तर आठव्या पिढीचा आय५-८५००टी सहा कोअरचा आहे, आणि कामात नव्या एन१०० च्या थोडा पुढंच राहतो. वीज मात्र त्याला जास्त लागते.

अ‍ॅडॅप्टरबद्दल तुम्ही एवढं का विचारता?

कारण माझं दुकान त्याच्यापायी दोन दिवस बंद राहिलं आहे.

२०२४ चा जुलै. एक रुपयात पीक विम्याचे अर्ज, शेवटची तारीख जवळ, सकाळी सात वाजता दारात रांग. आदल्या रात्री विजा झाल्या. सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. डबा ठीक होता, अ‍ॅडॅप्टर गेला होता. डबा एका नाव नसलेल्या कंपनीचा, १९ व्होल्टचा, आणि पिन अशी बारीक की मोबाइल दुकान, टीव्ही दुरुस्तीवाला, वर्ध्याचे दोन लॅपटॉपवाले, कोणाकडंच नाही. शेवटी नागपूरवरून कन्व्हर्टर पिन आणली तेव्हा मशीन चालू झालं. तोवर लोक शेजारच्या गावच्या केंद्रात गेले होते. एक म्हातारे काका तर दुसऱ्या दिवशीही येऊन बसले, 'तुह्याजवळच भरतो' म्हणून. त्यांचा फॉर्म मी मोबाइलवरून भरला.

तेव्हापासून मी रॅमच्याही आधी अ‍ॅडॅप्टर पाहतो. एक लिटरवाल्यांची मोठी सोय इथंच आहे. लेनोवोच्या टायनीला पुष्कळदा त्यांच्या लॅपटॉपचाच चपट्या पिवळ्या तोंडाचा अ‍ॅडॅप्टर लागतो, एचपीला निळ्या तोंडाचा, डेलला मध्ये बारीक सुई असलेला. तालुक्याच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडं हे तिन्ही टांगलेले असतात. वॅट मात्र पाहा, ६५ च्या जागी ४५ चा लावू नका. डेलला त्या सुईतून अ‍ॅडॅप्टर ओळखू आला नाही तर तो मशीन मुद्दाम हळू चालवतो. लोक मग विंडोज बदलत बसतात आणि दोष असतो पिनीत.

एन१०० वाले पुष्कळ डबे १२ व्होल्टवर चालतात, सीसीटीव्ही आणि राउटरच्या अ‍ॅडॅप्टरसारख्या गोल पिनीवर. तेही बरं. बदली लावताना तीन गोष्टी जुळवा: व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं आत-बाहेर प्लस-मायनस. डब्याच्या पोटावर १९ लिहिलं असेल तर १२ लावून भागत नाही, आणि १२ च्या जागी १९ लावला तर धूर पाहायला मिळेल. मॅक मिनीचा वीजपुरवठा पोटातच असतो, बाहेर नुसती दोन पिनांची वायर. वायर कुठंही मिळते, पण आतलं गेलं तर मशीन शहरात पाठवणं आलं.

कोणताही घ्या, त्याच दिवशी दुसरा अ‍ॅडॅप्टर घेऊन ठेवा. हा खर्च डब्याच्या किमतीतच धरा.

"आपल्या उन्हात टिकते का हे?"

कंपन्या कागदावर लिहितात ते वाचा. अ‍ॅपल मॅक मिनीसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. एक लिटरवाल्यांचंही पुष्कळदा ३५ च. आता आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५, आणि टिनाखालची खोली दुपारी तीन वाजता काय असते ते मी सांगायला नको. म्हणजे चार महिने आपण नियमाच्या बाहेरच जगतो.

मशीन लगेच मरत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. दुपारी दोननंतर साइट हळू चालते म्हणून लोक नेटला शिव्या देतात, पण पुष्कळदा नेट बरोबर असते, डबा धापा टाकत असतो. तेव्हा डबा गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये कोंबू नका. मॉनिटरच्या पाठीला लावायची पट्टी सोबत येते, दिसायला छान, पण उन्हाळ्यात मॉनिटरचीही गरमी त्यालाच बसते. चार बोटं मोकळी जागा सगळीकडून ठेवा. कूलरच्या समोर तर अजिबात नको. ताटीतून येणारी ओली हवा आणि पाण्यातला खार बोर्डावर बसतो, पोर्टांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसते. कूलरच्या बाजूला, वाऱ्याच्या झोतातून हटून ठेवा.

कापसाची गोष्ट वेगळी. आमच्या रस्त्यानं नोव्हेंबरपासून जिनिंगच्या गाड्या जातात. जानेवारीत माझा डबा भुंग्यासारखा आवाज करायला लागला. उघडला तर पंख्याच्या मागच्या जाळीवर रुईचा असा थर, जसा नमदा. चिमट्यानं उचलला तर एका तुकड्यात निघाला. आई म्हणाली, टाकू नको, वाती होतील. झाल्याही असत्या.

साफ करायची रीत: वायर काढा, झाकण उघडा, पंखा काडीनं अडवून धरा, मग रंगाच्या कोरड्या कुंच्यानं झाडा. पंखा मोकळा सोडून ब्लोअर मारला तर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जाते. मी दिवाळीनंतर एकदा आणि पाडव्याला एकदा करतो. उघडता येणं म्हणजे नुसती रॅम वाढवणं नव्हे, हेही त्यातच आलं. जो डबा उघडायला रबरी पाय सोलून, खालचं आवरण पत्रीनं उचकून काढावं लागते, त्याच्यातली रुई कोण काढणार?

लाईन गेली तर यूपीएसवर किती वेळ चालेल?

साध्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास. माझा डबा आणि २२ इंची मॉनिटर मिळून ४० वॅटच्या आसपास घेतात. रूपांतरात काही जाते, बॅटरी जुनी होते. तरी पाऊण तास निघतो. आधीचा मोठा सीपीयू त्याच यूपीएसवर पंधरा-वीस मिनिटांत ओरडायला लागायचा. अर्ज भरता भरता लाईन जाते तेव्हा हा फरक पैशाहून मोठा वाटतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकटाच शेकड्यांनी वॅट ओढतो.

बिलाचंही पाहा. जुन्या-नव्यात ४५ वॅटचा फरक धरला, दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस, तर १३५ युनिट होतात. तुमच्या बिलातला दर लावून गुणा.

जुना मॉनिटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, सगळं लागेल का?

जुन्या मॉनिटरला निळी व्हीजीए वायर असते. छोट्या डब्यांना बहुधा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. मधला कन्व्हर्टर लागतो. उगाच सर्वात स्वस्त घेतला तर स्क्रीन लुकलुकते.

यूएसबी मोजा, आणि बोटांवर मोजा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम. सहा झाले, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह राहिलाच. एम४ मॅक मिनीवर जुना चपटा यूएसबी एकही नाही, सगळे यूएसबी-सी. अंगठ्याचं मशीन शक्यतो थेट डब्याला लावा. स्वस्त हबवर ते मध्येच सुटते आणि आजीचा अंगठा पाचदा ठेवायला लावावा लागतो.

एसएसडी किती घ्यावी?

२५६ पुरते, ५१२ बरी. बदलता येत असेल तर यावर डोकं शिणवू नका. फक्त एम.टू ची जागा साटाची आहे की एनव्हीएमईची ते पाहून घ्या. पट्ट्या सारख्याच दिसतात. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडते, एनव्हीएमई कितीतरी पुढं जाते. अर्ज भरताना दोन्हींतला फरक कळणारही नाही. हार्ड डिस्कवरून यातल्या कुठल्याही एसएसडीवर आलात तर मात्र मशीन बदलल्यासारखं वाटते.

पोराला गेम खेळायचे आहेत.

मोठा सीपीयू घ्या. किंवा घेऊच नका, दहावी होऊ द्या.

कंपनीच बंद पडली तर?

ही भीती खोटी नाही. इंटेलसारख्या इंटेलनं २०२३ मध्ये आपल्या एनयूसी या छोट्या डब्यांचं काम थांबवलं आणि ते आसुसकडे गेलं. पण ज्यांच्याकडं एनयूसी आहेत त्यांचं फारसं अडलं नाही, कारण आतली रॅम आणि एसएसडी बाजारातली नेहमीची. भाग नेहमीचे असले की बनवणारा राहो न राहो.

जीएसटीचं बिल घ्यावं का? 'बिलाविना हजार कमी' म्हणतात.

घ्या. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमचा नियमित जीएसटी नंबर असेल तर तो परत धरता येतो. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना येत नाही. धंद्याचं विवरण भरत असाल तर संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, त्यालाही बिलच लागते. आणि बिलाशिवाय वॉरंटी कोणाजवळ मागणार?

वॉरंटीत झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का?

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन डब्यांत रॅम-एसएसडी बदलायची परवानगी असते, त्यांच्या पुस्तिकेत चित्रं काढून रीत दिलेली असते. अनोळखी डब्याच्या स्क्रूवर स्टिकर असेल तर आधी विचारा. आणि 'घरी येऊन दुरुस्ती' असं लिहिलं असेल तर तुमच्या गावाचा पिनकोड सांगून विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी येतात आणि गावाचं नाव ऐकलं की 'मशीन घेऊन या' म्हणतात, असंही होते.

तुम्ही स्वतः काय वापरता?

काउंटरवर आठव्या पिढीचा एक लिटरवाला. पंधरा हजारांत घेतला, ८ जीबीवर. रॅम भडकायच्या आधी दुसरी ८ ची पट्टी टाकली. त्यात माझी हुशारी काही नाही, एका गिऱ्हाइकानं मागवून घेतली नाही म्हणून पडली होती. मागच्या खोलीत तोच विमा हंगामातला एन१०० आहे, आता फक्त झेरॉक्स मशीनला स्कॅनसाठी जोडलेला. त्याची ती कन्व्हर्टर पिन टेपनं चिकटवून ठेवली आहे. हलवू नका म्हणून वर चिठ्ठी लावली, तरी झाडताना रोज हलतेच.